पाठ केलेली आई

"श्वासावर दे गं, घशावर नको. घशातला शब्द खुर्चीतल्या प्रेक्षकालाही ऐकू जातो. श्वासातला फक्त त्यालाच जातो, ज्याचा हरवलाय." कुजबुजेकाकांचा हा आवाज तिनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती दोन वेण्यांची होती, आणि नटांच्या कपड्यांना इस्त्री करायला येणाऱ्या आईबरोबर विंगेत एका उलट्या टोपलीवर बसून राहायची. काका त्या नाटकगृहाचे प्रॉम्प्टर. पडद्याआड संहिता मांडीवर घेऊन बसायचं, नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा आणि तो पुरवला हे कुणाला कळू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. त्यांचं खरं आडनाव काय होतं ते त्यांच्या मयतीला जमलेल्यांनाही सांगता आलं नाही. पुढे त्यांची खुर्ची तिला मिळाली, खुर्चीवरची चपटी उशी मिळाली, आणि एकदा तिचा भाचा तिला न्यायला आला आणि दारातून "आत्या" म्हणून ओरडला तेव्हापासून नाटकगृहात सगळ्यांची ती आत्याच झाली, तिच्याहून मोठ्या नटांचीसुद्धा. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घातले, राजांच्या, चोरांच्या, नवऱ्या मुलींच्या, मरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या. पण आज भरदुपारी, रिकाम्या नाटकगृहात, त्याच खुर्चीत बसून तिनं फोनवरच्या एका अनोळखी माणसाला शब्द दिला होता, आणि त्यानं तो घेतला होता, निमूट, एखाद्या सवयीच्या नटासारखा. तेव्हापासून ती फोन हातात तसाच धरून बसली होती.

खरं तर हे सुरू झालं डोळ्यांपासून. आधी विंगेतला दिवा मंद झालाय असं तिला वाटलं. दिवेवाल्याला तिनं बोल लावला, त्यानं नवा दिवा बसवला, आणि नव्या दिव्याच्या भोवती तिला पिवळं धुकं दिसायला लागलं. मग अक्षरांच्या ओळी एकमेकींच्या अंगावर रेलायला लागल्या, गर्दीत दमलेल्या बायका रेलतात तशा. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, पिकलाय, काढून टाकू, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घाबरण्यासारखं होतं ते त्यांनी पुढे सांगितलं, खर्चाचा आकडा. तो ऐकून ती "बघते" म्हणाली आणि उठली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना 'बघते' या शब्दाचं तिला हसू आलं. घरी दादाला सांगायचं म्हणजे दादानं आधी चष्मा पुसायचा, मग गप्प बसायचं, मग निवृत्तीच्या पैशातून कुठलीशी ठेव मोडायचा विचार करायचा. आणि वहिनीनं आतल्या खोलीतून म्हणायचं, "मोडा की, तिच्यापेक्षा ठेव मोठी आहे का?" त्या घरात तिनं अर्धं आयुष्य काढलं होतं, लग्न न केलेली नणंद म्हणून, आणि एकदाही कुणी तिला तसं वाटू दिलं नव्हतं. म्हणूनच सांगता येत नव्हतं. कुणी टोचून बोललं असतं तर हक्कानं मागता तरी आलं असतं.

आणि नाटकगृहात सांगणं तर शक्यच नव्हतं. न पाहू शकणारी प्रॉम्प्टर म्हणजे बिनपाण्याची विहीर. नव्या दिग्दर्शकानं आधीच एकदा सहज म्हटल्यासारखं म्हटलं होतं, "आत्या, आता कानात बसवायची यंत्रं मिळतात. नटांच्या कानात थेट वाक्य जातं. तुम्हालाही विंगेत अवघडून बसायला नको." तो चांगला मुलगा होता, त्यानं ते तिच्या गुडघ्यांची काळजी म्हणूनच म्हटलं होतं, पण त्या दिवशी ती घरी गेली ती जेवली नाही. मग तिनं एक युक्ती केली. चालू नाटक तिनं तालमी ऐकता ऐकता आख्खं पाठ करून टाकलं. सगळ्यांची वाक्यं, पात्रांच्या येण्याजाण्याच्या सूचना, दाराची थाप, मागून येणारं रडणं. संहिता मांडीवर उघडी, बोट ओळीवर, पानं अंदाजानं उलटायची. कधी पान आधीच उलटलं जाई, आणि समोरचा थोरला नट तिच्याकडे चोरून बघून भिवई उडवी, की आत्या आज पुढं पळतायत. त्या दिवसांत तिचा कान इतका तिखट झाला, की बाजारातल्या दोन बायकांचं भांडण एकदा कानावर पडलं तरी संध्याकाळी ती ते वहिनीला दोन्ही बाजूंनी म्हणून दाखवी. वहिनी हसून हसून डोळे पुसायची. "तुला ना, मेलं काही विसरायलाच येत नाही," म्हणायची. पण पुढच्या महिन्यात नवं नाटक बसणार होतं, नवी संहिता, जाडजूड, आणि पहिल्याच वाचनाला ती समोर धरून तिला शब्द द्यावे लागणार होते. न ऐकलेलं पाठ कसं करणार?

तेव्हा फोनवर तो संदेश आला. फोन तिला संदेश वाचून दाखवी, भाच्यानं तशी सोय करून दिली होती. सपाट, बिनजिवाच्या आवाजात तो वाचत गेला, की जामीन नको, पगाराचा दाखला नको, आधीचं कर्ज बुडालेलं असलं तरी चालेल, मंजुरी हमखास आणि आजच्या आज. हमखास या शब्दाशी ती थबकली होती. काय हमखास असतं जगात? पण मन असं असतं, तहानेलं असलं की वाळूवर चमकतं तेही त्याला पाणी दिसतं. तिनं होकार कळवला. काल संध्याकाळी एका बाईचा फोन आला. आवाज असा, की साखर घोळलेली. अभिनंदन मॅडम, तुमचं कर्ज मंजूर झालेलं आहे. ओळखपत्राचा फोटो तेवढा पाठवा. तिनं पाठवला. आता फक्त फाइलचं शुल्क भरायचं, ते पहिल्या हप्त्यात परत मिळतं, म्हणजे भरल्यासारखं आणि न भरल्यासारखंच. घरात कुणाला सांगायची गरज नाही, आम्ही तुमची गोष्ट तुमच्यापाशीच ठेवतो. आणि मग ती बाई जराशी थांबली होती, गळ्यात काही अडकल्यासारखी, आणि हळू आवाजात म्हणाली होती, "माझीही आई तुमच्याच वयाची आहे, मॅडम. तिलाही हात पसरायची लाज वाटते. म्हणून सांगते, स्वतःसाठी एवढं करा." त्या वाक्यानं ती विरघळली. पलीकडच्या त्या न पाहिलेल्या पोरीची न पाहिलेली आई तिला दिसली, पदराखाली हात लपवून बसलेली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्या लाजेला हात लावला होता, आणि तोही इतक्या अलगद. ही ऑफर उद्या संध्याकाळपर्यंतच, नंतर व्याज वाढेल, असं ती बाई पुढं म्हणाली. शुल्क म्हणजे तिच्या सगळ्या साठवणीचा अर्ध्याहून मोठा तुकडा होता. तरी ती म्हणाली, उद्या दुपारी भरते.

म्हणून आज ती तालमीच्या आधीच येऊन बसली होती. नाटकगृह रिकामं असलं की मोठं होतं. वर कुठंतरी दोरखंड आपोआप करकरत होते, रंगमंचावर कालच्या प्रवेशातली एकच खुर्ची आडवी पडली होती, आणि हवेत जुन्या रंगाचा, धुळीचा आणि माणसांचा वास होता. तो वास तिला स्वतःच्या अंगाचा वाटायचा. फोन वाजला. आजचा आवाज पुरुषाचा, तरुण. मी वरिष्ठ अधिकारी बोलतोय, म्हणाला. अभिनंदन मॅडम, तुमचं कर्ज मंजूर झालेलं आहे. स्पीकर लावून ती ऐकत होती, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पैसे पाठवायचं पान उघडत होती. फोन सपाट आवाजात घेणाऱ्याचं नाव वाचत होता, कुठल्याशा बाईचं नाव, कंपनीचं नव्हे. एवढ्या मोठ्या कंपनीचे पैसे एका बाईच्या खात्यात कसे, असं मनात आलं आणि गेलं. फाइलचं शुल्क, पहिल्या हप्त्यात परत, भरल्यासारखं आणि न भरल्यासारखंच. हे तिला ओळखीचं वाटलं, पण कार्यालयात सगळे सारखंच बोलतात, त्यात काय. घरात कुणाला सांगायची गरज नाही. मग तो थांबला. गळ्यात काही अडकल्यासारखा. "माझीही," तो म्हणाला, आणि पुन्हा, "माझीही..." आणि खरोखरच अडकला. मागं कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं, त्यानं त्याचं लक्ष उडालं असावं. नट अडला की तिच्या आत काय होतं ते तिला कधी कुणाला सांगता आलं नसतं. बाळ रडलं की आईला पान्हा फुटतो म्हणतात, तसं काहीतरी. विचार पोचायच्या आधी श्वास पोचतो. ती श्वासावर म्हणाली, "आई."

"आई तुमच्याच वयाची आहे, मॅडम," तो म्हणाला. "तिलाही हात पसरायची लाज वाटते."

रंगमंचावरची आडवी खुर्ची होती तिथंच होती. दोरखंड करकरले. ती आपल्याच ओठांवर बोट ठेवून बसली. आई पाठ केलेली होती. काल रात्रभर तिनं ज्या बाईचा विचार केला, पदराखाली हात लपवणारी ती बाई, ती कुणाचीच आई नव्हती, ती चौथ्या की पाचव्या ओळीतलं एक वाक्य होती, आणि त्या आधीचा गळ्यातला अडथळाही लिहिलेला होता, कंसात, जसं त्यांच्या संहितेत लिहिलेलं असतं, (थांबून). आता तिला सगळंच ऐकू यायला लागलं. त्या मुलाच्या मागं एक खोली होती, आणि खोलीत कितीतरी आवाज होते, आणि ते सगळे कुजबुजत हेच म्हणत होते. एक जण अभिनंदनावर होता, एक हप्त्यावर, कुणी दूरची बाई नुकतीच आईपाशी पोचली होती. जणू एकाच नाटकाची तालीम, शंभर कोपऱ्यांत एकाच वेळी, आणि प्रत्येकाच्या समोर एकेक एकटं माणूस कान देऊन बसलेलं.

"पुढं म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्याहून शांत निघाला.

"अं?"

"म्हणून सांगतो, स्वतःसाठी एवढं करा. तिथं आहात तुम्ही. त्याच्यापुढं, ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच. नंतर व्याज वाढेल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग सावधपणे, "मॅडम, तुम्ही याआधी आमच्याकडे कामाला होता का?"

हसू तिच्या पोटातून वर आलं आणि तिनं ते गिळलं. "नाही. मी तुमच्यासारख्यांच्या मागं बसते. एक सांगा, शुल्क कर्जातूनच का नाही कापून घेत? तुम्ही मला पैसे देणारच आहात ना, मग तुमच्या हातातलंच ठेवून घ्या."

"सिस्टीममध्ये तसं बसत नाही, मॅडम."

"बरं. मग मी ऑफिसात येऊन भरते. पत्ता सांगा, पावती तिथंच घेते."

"आमचं ऑफिस ऑनलाइन आहे."

"म्हणजे भिंती नाहीत?"

आता त्याचा आवाज बदलला. हा आवाज त्याला जास्त बरा जमत होता, कदाचित हाच त्याचा खरा असावा. फाइल आता मागं घेता येणार नाही, म्हणाला. तुमचं ओळखपत्र आमच्याकडे आहे. दंड लागेल, घरी माणसं येतील, शेजाऱ्यांपुढं शोभा होईल. हे तिनं काल ऐकलं नव्हतं. दादाच्या दारात कुणी उभं राहून ओरडतंय, वहिनी पदराला हात पुसत बाहेर येतेय, असं सगळं क्षणात दिसून गेलं. आणि मग तिला एक बारीक आवाज ऐकू आला, जन्मभर ऐकलेला. पान उलटल्याचा. तो धमकी वाचत होता. धमकीही पाठ नव्हती अजून बिचाऱ्याची. तिला त्याची दया आली आणि किळस आली, दोन्ही एकदम, आणि तिनं फोन बंद केला. पैसे पाठवायचं पान अजून उघडं होतं. तिनं ते बोटानं चाचपून बंद केलं, पुन्हा उघडून पाहिलं की खरंच काही गेलं नाही ना, फोननं सपाट आवाजात शिल्लक वाचून दाखवली, होती तेवढीच होती, आणि त्या निर्जीव आवाजाइतका गोड आवाज तिनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

तालीम झाली. ती सगळ्या तालमीभर जागेवर होती की नाही हे तिला नंतर आठवेना. थोरला नट एकदाच अडला, तिनं शब्द दिला, त्यानं घेतला. बाहेर पडली तेव्हा ऊन कलतं होतं आणि रस्त्यावरची माणसं तिला धुक्यातून चालताना दिसत होती, पण आज त्या धुक्याचा तिला राग येत नव्हता. पाय हलके पडत होते. फळवाल्याकडे तिनं उगाचच भाव विचारला. दुकानाच्या काचेत एक ठेंगणी बाई पिशवी छातीशी धरून चाललेली दिसली, तिला वाटलं कोण ही, किती खुशीत आहे, आणि मग कळलं. गेलं नाही, गेलं नाही, असं प्रत्येक पावलाला कुणीतरी म्हणत होतं. मधेच ओळखपत्राचा फोटो आठवला आणि पाऊल अडखळलं. तो गेला होता. तो त्या खोलीत होता. त्याचं काय करतात ही माणसं? हे एकटीनं पोटात ठेवणं म्हणजे त्यांचंच ऐकणं होतं, घरात कुणाला सांगायची गरज नाही. तिच्या लक्षात आलं, की त्या सगळ्या लांबलचक भाषणात एवढं एकच वाक्य त्यांना खरं हवं होतं. बाकीची सजावट.

घरी दादा टेबलाशी बसून रेडिओचा मागचा पत्रा उघडून त्यात बघत होता. निवृत्त होईपर्यंत त्यानं इमारतींचे नकाशे काढले, आता तो घरातल्या वस्तूंची पोटं उघडतो. वहिनी शेंगा सोलत होती. ती चप्पल काढतानाच बोलायला लागली, कारण थांबली असती तर राहिलंच असतं. "दादा, मला दिसत नाही नीट. किती महिने झाले. आणि आज मी फसता फसता राहिले." मग सगळं सांगितलं. डॉक्टर, आकडा, दिग्दर्शकाची यंत्रं, नवी संहिता, संदेश, साखरेची बाई, पाठ केलेली आई, ओळखपत्र. सांगताना ती दोन्ही आवाज काढत गेली, सवयीनं, आणि 'ऑफिस ऑनलाइन आहे'ला वहिनी फसकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "अगं मेले," ती म्हणाली, "माझ्या भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला वाटलं, प्रेमात पडलीस."

"या वयात?"

"या वयात मीठ दोनदा पडतं का? पण दवाखान्यात विचारलंस का, हप्त्यानं घेतात का म्हणून?"

तिनं विचारलं नव्हतं. इतकं साधं तिनं विचारलं नव्हतं. वहिनी पुन्हा शेंगा सोलायला घेत म्हणाली, "उद्या मी येते. आणि त्या तुझ्या दिग्दर्शकालाही सांग. वाचायला कुणीतरी दे म्हणावं महिनाभर, तू ऐकून पाठ करशील. तुझ्यासारखं यंत्र मिळणार आहे का त्याला?" हे ऐकून नणंद खुर्चीत टेकली आणि इतकी सैल झाली, की तिला वाटलं आपण या खुर्चीत ओतलो जाऊ. महिनोन्महिने ती आपल्या घराभोवती पाहुण्यासारखी फिरत होती, आणि दार उघडंच होतं.

दादानं चष्मा पुसला, जसा तो पुसणार हे तिला माहीत होतं. मग म्हणाला, "फोन आण. आधी बँकेला कळवायचं, ओळखपत्र बाहेर गेलंय म्हणून, तुझ्या नावावर कुणी कर्ज काढलं तर त्यांना ठाऊक हवं. त्यांचे संदेश पुसू नकोस, ते दाखवावे लागतात. मग पोलिसांचा वेगळा नंबर आहे, या असल्या फसवणुकीसाठी." आणि तो नंबर त्यानं सांगितला. सरळ, न अडखळता, कुठंही न बघता. पहिल्यांदा वाजतो आणि कुणी उचलत नाही, म्हणाला, ठेवायचा नाही, धरून राहायचं. एक बाई उचलते, ती चांगली बोलते, घाई करत नाही.

वहिनीचा हात शेंगेवर थांबला. "तुम्हाला कसं माहीत?"

दादानं रेडिओचा पत्रा उचलला, तो नीट बसेना, पुन्हा खाली ठेवला. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली. नणंद-भावजय दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या, एकीला तो स्पष्ट दिसत होता आणि दुसरीला धुक्यातला एक वाकलेला आकार.

"मागच्या वर्षी," तो म्हणाला. "माझंही असंच झालं. आधी फाइलचं शुल्क. मग विमा. मग म्हणाले कर राहिलाय, तो भरला की लगेच. तीनदा भरले मी. ठेवीत ठेवलेत म्हणून तुला सांगितलं होतं ना, ते ठेवीत नाहीत. तेवढे गेले."

वहिनीनं हातातली शेंग परातीत टाकली. मग म्हणाली, "पण तुम्हाला कर्ज कशाला हवं होतं? खायला कमी होतं का काही?"

"दुकान काढायचं होतं. नकाशांच्या प्रती काढून द्यायचं. कोपऱ्यावरचा गाळा बघूनही ठेवला होता."

"आणि मला विचारायचं नाही?"

"तू नको म्हणाली असतीस. आणि ते बरोबरच झालं असतं." त्यानं चष्मा पुन्हा काढला, पण पुसला नाही, हातातच धरला. "पैसे गेल्याचं मी सांगितलं असतं गं, कधी ना कधी. ते नव्हतं अडत. पाटी रंगवायला टाकली होती मी. दुकानाला तुझं नाव दिलं होतं. ते सांगायची लाज वाटत होती."